पाखरं परत बसत नसतात : एमएच 38 च्या जीपवाल्यास खुले पत्र

सप्रेम लिहिता येत नाही, म्हणून नुसता नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी इथे लिहिलं नसतं. गाडीचा नंबर मात्र पाठ आहे. तो पूर्ण छापत नाही, सुरुवात तेवढी पुरे : एमएच 38. हिंगोली जिल्हा. समुद्रापासून रस्त्याने पाचशे किलोमीटरहून लांब असलेला आपला जिल्हा. परगावी आपल्या पासिंगची गाडी दिसली की माणसाला बरं वाटतं. अलिबागजवळच्या अक्षीत, सुरूच्या झाडांखाली ती काळी जीप उभी दिसली तेव्हा मलाही वाटलं. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास तीच जीप वाळूवर उतरली, आणि त्यानंतर ती पाटी बघताना मान खाली घालावी लागली.

तुम्हाला आठवत नसेल, पण आपण एकाच घरात उतरलो होतो. तुम्ही चौघे वर, आम्ही खाली. होळीची सुट्टी होती. दोन खोल्या, गॅस, मिक्सर, चार पातेली, तवा, पाण्याचा हंडा, आणि घरमालकीण काकूंची एकच अट : स्वयंपाक तुमचा तुम्ही करा, भांडी घासून ठेवा. असं घर आम्ही मुद्दाम शोधलं होतं. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा आम्ही हिंगोलीहूनच नेला होता. मासे अक्षीच्या कोळणीकडून रोज दारात मिळत होते. हॉटेल सोडून असं घर घेण्यामागे पैशाचा हिशोब होताच, पण त्याहून मोठं कारण भरती-ओहोटीचं होतं.

ते कारण सांगतो, कारण तुमचा गुन्हा त्यातूनच कळेल.

किनाऱ्यावर पक्षी बघायचे तर घड्याळ समुद्राचं पाळावं लागतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते, असा कोकणातला जुना हिशोब आहे. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. कुलाबा किल्ल्यात चालत जायचं की होडीने, हे अलिबागची माणसं त्यावरूनच ठरवतात. ही वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. हॉटेलचा नाश्ता मात्र आठ ते दहा याच वेळेला चिकटलेला असतो. म्हणून पक्षी बघणाऱ्याला स्वतःची चूल लागते. पहाटे पाच वाजता चहा करून थर्मास भरता आला पाहिजे, भाकरी बांधून घेता आली पाहिजे, आणि भर दुपारी उन्हातून परत आल्यावर वरणभात टाकता आला पाहिजे.

पक्ष्यांचं जेवणही याच घड्याळावर चालतं. ओहोटी लागली की ओली वाळू उघडी पडते. तिच्यात किडे, बारीक शिंपले, खेकड्यांची पिल्लं असतात. ते टिपायला दिवसरात्र मिळून काही तासच मिळतात. भरती चढली की खाणं बंद. मग पाणी पोचणार नाही अशा कोरड्या वाळूच्या पट्ट्यावर सगळे एकत्र येऊन उभे राहतात. एक पाय पोटात, चोच पाठीच्या पिसांत. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पाखरं उगाच बसली आहेत. ती उगाच बसलेली नसतात. खाल्लेलं अंगी लागण्याची ती वेळ असते.

तुम्ही आलात ती धूळवड होती, वद्य प्रतिपदा. एकाची पाऊणपट पाऊण. म्हणजे पाऊणच्या सुमारास पूर्ण भरती, तीही पौर्णिमेजवळच्या उधाणाची. अकरा वाजता अक्षीची ती रुंद पुळण आकसून लांबट पट्टी झाली होती, आणि सगळी पाखरं त्या पट्टीवर गोळा झाली होती. तपकिरी डोक्याचे कुरव होते, सुरय होते, त्यांच्या पायांशी वाळूच्याच रंगाचे चिखल्या होते, आणि कडेला सँडरलिंग नावाचे छोटे पक्षी. दुर्बिणीतून त्यांतल्या एकाकडे मी बराच वेळ बघत होतो. लाटेच्या फेसामागे पळायचं, ओल्या वाळूत दोन-तीनदा चोच खुपसायची, पुढची लाट यायच्या आत मागे पळायचं. पाय इतके झरझर की वेगवेगळे दिसतच नव्हते. शेवटी पाणी फारच वर आलं तेव्हा तो थव्यात शिरला, एक पाय वर घेतला आणि डोळे मिटले.

त्याच वेळी तुमची जीप आली.

तुमच्यातला एक जण टपावर फोन धरून बसला होता. तुम्ही वेग कमी केला नाही, उलट वाढवला, कारण थवा एकदम उठायला हवा होता. तो उठला. तुम्ही पुढे जाऊन गाडी वळवली. तो पुन्हा बसू लागला, तुम्ही पुन्हा त्याच्यावर गाडी घातली. मग तिसऱ्यांदा. मी ओरडत धावलो तेव्हा तुम्ही काच खाली केलीत आणि अगदी हसतमुखाने म्हणालात, "काका, पाखरंच हैत ना ती. उडतेत अन् परत बसतेत. त्याच्यात एवढं काय?"

तुम्ही उद्धट बोलला नाहीत, हे मान्य करतो. तुम्ही दारू प्यायला होता असंही मी म्हणणार नाही. एकही पाखरू चाकाखाली आलं नाही, हेही खरं. म्हणूनच हे पत्र लिहावं लागतं आहे. पाखरू मेलं असतं तर तुम्हाला काही सांगावं लागलं नसतं. न मेलेल्या पाखरांचं तुम्ही काय नेलं, ते सांगावं लागतं आहे.

पहिली गोष्ट, ती परत बसली नाहीत. दोन मोठ्या घिरट्या घालून थवा फुटला. कुरव समुद्राकडे गेले. बाकीचे खाडीच्या तोंडाकडे वळले, आणि तिथे उधाणाच्या भरतीत उभं राहायला वाळूच उरली नव्हती. त्या पट्टीवर त्या दिवशी पुन्हा थवा जमला नाही.

दुसरी गोष्ट, हा मार्च महिना होता. सँडरलिंगचं वजन साधारण पन्नास-साठ ग्रॅम भरतं. त्याची वीण उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात होते. तिथला उन्हाळा इतका तोकडा की उशिरा पोचणाऱ्याची पिल्लं जगतील याचा भरवसा नाही. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटातल्या उंचावरच्या सरोवरांकडे जातो. आपल्या किनाऱ्यावरचे कितीतरी चिखल्या हिमालय ओलांडून मध्य आशियात वीण करतात. या वाटेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. ती सैबेरियापासून हिंदी महासागरापर्यंत तीस देशांवरून जाते, आणि आपला किनारा तिच्यावरचा मुक्काम आहे. वाटेला लागण्यापूर्वीच्या आठवड्यांत ही पाखरं अंगावर चरबी चढवतात. काहींचं वजन दीडपट होतं, काहींचं दुपटीच्या जवळ जातं. तेच त्यांचं इंधन. सँडरलिंगच्याच कुळातल्या एका गॉडविट पक्ष्याने 2022 च्या ऑक्टोबरात अलास्काहून निघून टास्मानियापर्यंत 13,560 किलोमीटर अंतर अकरा दिवसांत कापलं. वाटेत कुठेही न उतरता, न खाता, न पिता. त्याच्या पाठीवर उपग्रहाला दिसणारं यंत्र होतं म्हणून जगाला कळलं. ते सगळं अंतर त्याने किनाऱ्यावर बसून साठवलेल्या चरबीवर कापलं होतं.

प्रत्येक वेळी जीव घेऊन उडताना हे इंधन जळतं. तुम्ही तीनदा जाळलंत. तुमच्यामागून दुसरी गाडी येते, मग घोडागाडी, मग सुटलेली कुत्री, मग आकाशातून ड्रोन. ज्याला त्याला वाटतं आपण एकदाच उडवलं. पाखराच्या अंगातून मात्र सगळ्यांचा हिशोब एकत्र वजा होतो, आणि तो वाटेत कुठल्यातरी डोंगरावर पुरा होतो, जिथे बघायला कोणी नसतं.

आपल्या जिल्ह्याच्या भाषेत सांगतो. आषाढीला शेगावची पालखी आपल्याकडून, नर्सी नामदेव आणि औंढ्यावरून पंढरपूरला जाते. दुपारच्या विसाव्याला वारकरी झाडाखाली पाय लांब करून पडलेले असतात. भाकरी खाल्लेली असते, तळपायाला तेल लावलेलं असतं. त्यांच्यामधून कोणी जीप घातली, एकदा नाही तीनदा, आणि काच खाली करून म्हणाला, "माणसंच हैत, उठतेत अन् परत बसतेत," तर हिंगोली जिल्हा त्याला काय करील? उत्तर तुम्हालाही ठाऊक आहे. कदाचित त्या जीपसमोर सगळ्यांत आधी तुम्हीच आडवे उभे राहाल.

म्हणून तुम्ही दुष्ट आहात असं मला वाटत नाही. पण शूरही नाही. पन्नास ग्रॅमच्या जिवावर दोन टनांची गाडी घालायला कसलंही शौर्य लागत नाही, आणि वाळूवर गाडी फिरवायला कौशल्यही लागत नाही. रेवदंडा, नागाव, काशीद, तिकडे हरिहरेश्वर, मुरूड : कोकणात पर्यटकांच्या गाड्या वाळूत रुतल्याच्या आणि भरतीत सापडल्याच्या बातम्या दर हंगामात असतात. मग गावचेच कोळी दोर घेऊन येतात, गावचाच ट्रॅक्टर येतो. ज्यांच्या किनाऱ्याचा तुम्ही रस्ता करता, त्यांच्याच हातांनी बाहेर निघता.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण पुढच्या वेळी सांगायला वनखात्याचा माणूस येईल. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या नुसत्या मारण्यावर थांबत नाही. वन्य प्राण्याचा पाठलाग करणं, त्याला हाकणं, आणि तसा प्रयत्न करणं हेही तिच्यात आहे. तुम्ही बंदूक उचलली नाही, पण बाकीचं सगळं केलंत, आणि त्याचा पुरावा स्वतःच चित्रित करून जगाला दाखवलात. तुमचं ते रील मी पाहिलं. वीस-पंचवीस सेकंदांचं आहे. थवा हळूहळू उठताना दाखवला आहे, मागे गाणं लावलं आहे, आणि खाली आपल्याच भागातल्या पोरांनी लिहिलं आहे, "भाऊ, लोकेशन पाठव." मला सगळ्यांत जास्त बोचलं ते हे. तुमची एक जीप आली आणि गेली. तुमच्या रीलमागून किती येतील?

काकूंबद्दलही लिहायला हवं. त्या संध्याकाळी त्या भांडी मोजायला खाली आल्या आणि हळू आवाजात विचारलं, "तुमच्याच गावची ना हो ती मुलं?" मी हो म्हणालो. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. त्यांच्या घराचा हिशोब साधा आहे. मे महिन्यात आणि नाताळात खोल्या भरतात त्या समुद्रामुळे. एरवी हिवाळ्यात, आडवारी, जेव्हा बाकीच्या खोल्या रिकाम्या असतात, तेव्हा दुर्बिणी घेऊन येणारी माणसं त्यांच्याकडे उतरतात ती पाखरांमुळे. थवे खाडीपलीकडे किंवा आणखी दूर गेले की ती माणसंही जातील. काकूंचं ते भाडं तुमच्या रीलमधून भरून निघणार नाही.

किनारा राखूनही घर चालू शकतं की नाही असा प्रश्न असेल तर वेळासचं उदाहरण घ्या. रत्नागिरी जिल्ह्यातलं मंडणगड तालुक्यातलं छोटं गाव. तिथे समुद्री कासवांची अंडी चोरली जात होती. 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. पुढे पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येऊ लागले, आणि ते गावातल्याच घरांत राहतात, गावातल्याच बायकांच्या हातचं जेवतात. वाळूवर चाक न फिरवताही किनारा घर चालवतो, हे त्या गावाने करून दाखवलं आहे.

आणि अक्षी म्हणजे काही कालपरवाचं मौजेचं ठिकाण नाही. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक याच गावचा. शिलाहारांचा, शके 934 चा, म्हणजे 1012 सालचा मानतात. शिलाहारांच्या काळात कोकणात दिलेलं दान जो मोडील त्याला दगडावर शिवी कोरून ठेवत. गधेगाळ म्हणतात त्या दगडांना. मला तुम्हाला शिवी द्यायची नाही. पण राखायला दिलेली गोष्ट मोडणं हा गुन्हा आहे, हे या किनाऱ्याला हजार वर्षांपूर्वीपासून माहीत आहे, एवढं लक्षात ठेवा.

अक्षीहून उत्तरेला काही किलोमीटरवर किहीम आहे. 1930 च्या सुमारास पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींच्या हाताला नोकरी नव्हती, म्हणून ते किहीमला समुद्राजवळच्या घरात येऊन राहिले. तिथे सुगरणीची वसाहत होती. ते रोज तिच्यासमोर बसून राहत. ना थवा उठवला, ना घरटं हलवलं. नुसतं बघितलं आणि लिहून ठेवलं. नर एकामागून एक घरटी विणतो, अर्धवट विणलेलं घरटं मादी येऊन पारखते, पसंत पडलं तर राहते, आणि नर लगेच पुढच्या घरट्याला आणि पुढच्या मादीच्या शोधाला लागतो, हे त्या बसण्यातून जगाला समजलं. ती सुगरण आपल्याकडेही आहे. तुमच्या शेतात विहीर असेल आणि विहिरीवर वाकलेली बाभळ असेल, तर तिची घरटी तुमच्याकडे लोंबत असतील. त्यांच्यावर तुम्ही कधी दगड मारला नसेल, याची मला खात्री आहे. शेतातलं पाखरू आपलं वाटतं आणि समुद्रावरचं वाटत नाही, एवढीच तुमची अडचण असेल तर ती सुटण्यासारखी आहे.

कारण समुद्रावरची पाखरंही आपल्याला परकी नाहीत. सिद्धेश्वर धरणाच्या मागच्या पाण्यावर हिवाळ्यात या. चक्रवाकांच्या जोड्या येतात, परदेशी बदकं येतात. पाणी उतरलं की गाळाच्या काठावर चिखल्या धावतात. पैठणला नाथसागरावर तर कुरवही असतात. 1986 साली ते पक्षी अभयारण्य जाहीर झालं. ही सगळी त्याच उड्डाणमार्गावरची पाखरं आहेत. अक्षीच्या वाळूवर ज्या पाखरांची झोप तुम्ही मोडलीत, त्यांच्या भाऊबंदांचा मुक्काम आपल्या जिल्ह्यातल्या धरणावर आहे. आणि मला भीती आहे ती याचीच. सिद्धेश्वरच्या काठाची माती हिवाळ्यात घट्ट असते. तिथेही जीप उतरते. आज अक्षीला जे केलं ते उद्या घरच्या पाण्यावर करायला तुम्हाला पाचशे किलोमीटरही जावं लागणार नाही.

तुमच्याकडून मला हे हवं आहे. ते रील काढून टाका. नुसतं लपवू नका, काढा. त्याच जागी चार वाक्यं लिहा, की आम्ही केलं ते चुकलं, आणि वाळूवर गाडी नेऊ नका. लोकेशन मागणाऱ्या पोरांना तुमचं ऐकायचं आहे, माझं नाही. मी शंभर पत्रं लिहिली तरी जे होणार नाही ते तुमच्या चार वाक्यांनी होईल. काकूंना एक फोन करा, नंबर तुमच्याकडे आहे.

आणि हे वाचणाऱ्या हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगावच्या मंडळींना एक विनंती. आता आपल्या जिल्ह्यातून थेट मुंबईपर्यंत जनशताब्दी जाते, पुढे मांडव्याला बोट आहे, समुद्र पूर्वीइतका लांब राहिलेला नाही. जरूर जा. चूल असलेलं घर घ्या, पीठमीठ बरोबर न्या, मासे गावातून घ्या. बोटीमागे कुरव येतील, त्यांना वेफर्स आणि कुरकुरे टाकू नका. निघताना तिथी बघून ठेवा. गाडी सुरूच्या बनाअलीकडे उभी करा आणि वाळूवर पायी उतरा. थवा बसलेला दिसला की लांबून वळसा घाला. पाखरांनी माना वर केल्या तर तिथेच थांबा, त्याच्या पुढे जाऊ नका.

भाऊ, हे पत्र लिहून संपवेपर्यंत तुमचं रील तिथेच होतं. ते आजच काढा.